ईजीआरचा कोड पुन्हा पुन्हा येतोय? व्हॉल्व्ह बदलण्याआधी एवढं तपासा

डिझेल पिकअपचा चेक इंजिन लाईट लागतो. स्कॅनर लावला की पी०४०१, म्हणजे 'ईजीआर कमी' हा कोड, दिसतो. मग ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ होतो, पुढच्या खेपेला नवाच बसतो आणि थोड्या दिवसांत लाईट परत हजर. अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा व्हॉल्व्ह काढून पाहिला तर तो ठणठणीत निघतो, दोष दुसरीकडेच असतो.

याचं कारण असं की ईजीआरमधून किती धूर आत जातोय हे बहुतेक डिझेल इंजिनांत थेट मोजलंच जात नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ते हिशेबाने काढतो. त्या हिशेबातला एखादा आकडा बिघडला की आळ मात्र व्हॉल्व्हवर येतो. म्हणून माझा नियम साधा आहे: धूर खरंच जातोय की नाही हे सिद्ध झाल्याशिवाय व्हॉल्व्हला पाना लावायचा नाही.

पुढचं सगळं मुख्यतः टर्बो डिझेल पिकअपसाठी आहे. पेट्रोलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

लक्षणं काय दिसतात

व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर गाडी बोलून दाखवते. अॅक्सिलरेटर दाबला की काळा धूर, चढावर किंवा माल भरल्यावर गाडी ओढत नाही, आयडलिंगला इंजिन थरथरतं, कधी सिग्नलला बंदच पडतं. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं, वारंवार होऊ लागतं, कारण काजळीच जास्त तयार होते.

बंद अडकलेला व्हॉल्व्ह डिझेलमध्ये बराचसा मुका असतो. गाडी छान पळते, फार तर इंजिनाची ठकठक जरा जास्त जाणवते, आणि लाईट तेवढा लागलेला असतो. म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. पेट्रोल पिकअपमध्ये उलट: बंद अडकला तर चढावर नॉकिंग ऐकू येतं आणि उघडा अडकला तर आयडलिंगला इंजिन टिकतच नाही, कारण पेट्रोलमध्ये आयडलिंगला ईजीआर बंदच असायला हवा.

तिसरा प्रकार ईजीआर कूलर, म्हणजे तो धूर कूलंटने थंड करणारा भाग, गळण्याचा. कूलंट कमी होत राहतं, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. सकाळी सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. ही लक्षणं दिसली तर खालच्या क्रमाने जाऊ नका, सरळ कूलरच्या भागाकडे जा. तोवर गाडी चालवूही नका.

ईसीयू हिशेब कसा करतो

ईजीआर म्हणजे एक्झॉस्टमधला थोडा वायू थंड करून पुन्हा इनटेकमध्ये सोडणं. त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात.

आता इंजिन दर फेरीला साधारण ठरलेल्या आकारमानाचाच वायू ओढतं. त्यात एक्झॉस्टचा वायू घुसला की तेवढी ताजी हवा कमी येते. ताजी हवा मोजतो एअर फ्लो सेन्सर, म्हणजे एमएएफ. ईसीयू व्हॉल्व्ह उघडतो आणि एमएएफचा आकडा अपेक्षेइतका खाली आला का ते बघतो. पुरेसा उतरला नाही तर 'ईजीआर कमी', म्हणजे पी०४०१. फारच उतरला तर 'ईजीआर जास्त', म्हणजे पी०४०२.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं. टर्बोच्या पुढचा, म्हणजे टर्बो आणि इंजिन यांच्यामधला पाईप फाटलेला असेल तर मोजलेली हवा वाटेत बाहेर पळते. एमएएफला हवा जास्त दिसते आणि ईसीयू म्हणतो ईजीआर कमी. गळती एमएएफ आणि टर्बो यांच्या मधे असेल तर न मोजलेली हवा आत येते, आकडा कमी दिसतो आणि ईसीयू म्हणतो ईजीआर जास्त. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह निर्दोष.

फुकटच्या तपासण्या आधी

कोड पुसायच्या आधी लिहून घ्या, सोबतचे कोडही. पी०४०३ हा कंट्रोल सर्किटचा, पी०४०४ व्हॉल्व्ह सांगितलं तसं हलत नसल्याचा, पी०४०५ आणि पी०४०६ व्हॉल्व्ह किती उघडलाय हे सांगणाऱ्या पोझिशन सेन्सरचा सिग्नल फार कमी किंवा फार जास्त असल्याचा. हे दिसले तर मामला वायरिंगचा किंवा व्हॉल्व्हच्या मोटरचा, काजळीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पी०४०१ बरोबर पी०२९९ असेल, म्हणजे टर्बोचा दाब कमी, तर मी आधी हवेच्या पाइपांकडे वळतो. पी०१०१ असेल तर एमएएफकडे. फ्रीझ फ्रेमही बघा: कोड पडला तेव्हा वेग, लोड आणि कूलंटचं तापमान काय होतं. लोडवर पडलेला पी०४०१ आणि आयडलिंगला पडलेला पी०४०१ यांची कारणं बहुधा वेगळी असतात.

मग इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. कूलंटची पातळी, ऑइलची पातळी. एअर फिल्टर काढून बघा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इनटेकपर्यंतचे रबरी पाईप हाताने दाबून, वळवून तपासा. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला, वाकणाच्या आत असते आणि फक्त दाब आल्यावर उघडते. पाइपाच्या एका ठिकाणी ताजा तेलकट ओघळ दिसला तर तिथे नक्की थांबा. क्लॅम्प घट्ट आहेत का बघा. ईजीआरच्या धातूच्या पाइपाच्या जोडावर काळा पट्टा असेल तर गॅस्केटमधून धूर बाहेर येतोय. ईजीआरचा कनेक्टर काढून पिना हिरव्या पडल्यात का, तेल शिरलंय का, तेही बघून घ्या.

एवढ्यातच निम्मं काम झालेलं असतं, असं मला वाटतं. पण हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही आणि थेट पार्टची ऑर्डर जाते.

थर्मोस्टॅट: सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला की इंजिन कधीच पूर्ण तापत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये काटा तरीही मध्यावरच दिसतो, म्हणून काट्यावर विश्वास ठेवू नका, स्कॅनरवर तापमान बघा. वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर बहुतेक इंजिनं ८० ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिरावतात. ६५-७० वर रेंगाळत असेल, किंवा उतारावर झपकन खाली येत असेल, तर आधी थर्मोस्टॅट.

याचा ईजीआरशी संबंध दुहेरी आहे. थंड इंजिनात ईसीयू ईजीआर नीट वापरत नाही. आणि जो थोडा धूर जातो तो थंड भिंतींवर चिकटतो. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ त्यात मिसळली की डांबरासारखा लगदा तयार होतो, जो सुक्या काजळीपेक्षा काढायला कितीतरी अवघड. ज्या गाडीत व्हॉल्व्ह सारखा भरतो तिथे मी हे न बघता पुढे जातच नाही.

एमएएफ: एक हिशेब तुम्हीही करू शकता

समजा इंजिन २.५ लिटरचं आहे आणि आयडलिंग ८०० आरपीएम. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पूर्ण क्षमतेइतका वायू ओढतं. म्हणजे मिनिटाला ४०० गुणिले २.५, म्हणजे १,००० लिटर. हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरलं तर मिनिटाला १,२०० ग्रॅम, सेकंदाला २० ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि हवा तापलेली असते, म्हणून प्रत्यक्षात १६ ते १८ च्या आसपास आकडा यायला हवा. हा ईजीआर बंद आणि इनटेकचा थ्रॉटल फ्लॅप पूर्ण उघडा असतानाचा आकडा. ईजीआर उघडला की तो निम्म्याच्या जवळपासही उतरू शकतो.

आपल्या इंजिनासाठी हा हिशेब करा. व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून किंवा स्कॅनरने त्याला बंद करून आकडा घ्या. (कनेक्टर काढला तर नवा कोड पडेल, तो नंतर पुसायचा.) आकडा जवळपास जुळला तर एमएएफ विश्वासाचा. फारच कमी असेल तर सेन्सर मळलाय, टर्बोच्या आधी गळती आहे, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाहीये.

सेन्सर साफ करायचा तर फक्त एमएएफसाठीचा स्प्रे वापरा, ब्रेक क्लीनर नको. आतल्या तारेला किंवा पातळ फिल्मला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका. पूर्ण सुकल्यावरच बसवा. तेल लावलेला कापडी एअर फिल्टर वापरत असाल तर तेल सेन्सरवर येतंय का तेही बघा.

खरी कसोटी: उघडून दाखव

आता लागतो असा स्कॅनर जो ईजीआरला हुकूम देऊ शकतो. नुसता कोड वाचणारा इथे कामाचा नाही, पण असा स्कॅनर तासाभरासाठी उसना मिळाला तरी चालतो. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंगला. रीजनरेशन चालू नाही याची खात्री करा, कारण त्या वेळी ईसीयू सहसा ईजीआर बंद ठेवतो आणि सगळी मोजणी फसते.

व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने उघडा आणि दोन आकडे एकदम बघा: पोझिशन सेन्सर आणि एमएएफ.

पोझिशन हलते आणि एमएएफही उतरतो, तर व्हॉल्व्ह आणि मार्ग दोन्ही ठीक आहेत. कोड तरीही येत असेल तर लोडवर गळणारा पाईप शोधा. गाडी उभी असताना तो दाबच येत नाही, म्हणून गळती दिसत नाही. इनटेक सिस्टिममध्ये धूर भरून गळती शोधणारं यंत्र असलेल्याकडे गेलात तर काम लवकर होतं.

पोझिशन हलते पण एमएएफ ढिम्म, तर व्हॉल्व्ह काम करतोय पण मार्ग तुंबलाय. काजळी कूलरमध्ये, पाइपात किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी असते. इथे नवा व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे नळ बदलून तुंबलेली पाइपलाइन मोकळी होईल अशी आशा करणं. नेमकी हीच गाडी व्हॉल्व्ह दोनदा बदलून आलेली असते.

पोझिशनच हलत नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय, मोटर गेलीय किंवा तिला वीज पोचत नाहीये.

आणखी एक गंमत. उघडताना सगळं बरोबर, पण बंद केल्यावर पोझिशन शून्यावर न येता थोड्या टक्क्यांवर थांबते. सीटवर कार्बनचा कण बसलेला असतो. एवढ्यानेही आयडलिंग बिघडतं आणि काळा धूर येतो.

व्हॅक्यूमवर चालणारा जुना व्हॉल्व्ह असेल तर स्कॅनरऐवजी हातपंप घ्या. पंपाने व्हॅक्यूम दिल्यावर काटा जागेवर टिकला पाहिजे, घसरला तर डायफ्रॅम फाटलाय. इंजिन चालू ठेवून हेच करा, आवाज बदलला पाहिजे. पंपाने व्हॉल्व्ह ठीक चालतो पण गाडीवर चालत नाही, तर बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) तपासा. उन्हाने कडक झालेल्या नळ्या टोकाशी चिरतात. टोक कापून पुन्हा बसवलं की झालं.

पेट्रोल पिकअपच्या काही इंजिनांत ईजीआरचा प्रवाह दोन नळ्यांमधल्या दाबाच्या फरकावरून मोजतात. तिथे तो प्रेशर सेन्सर आणि त्याच्या नळ्या व्हॉल्व्हच्या आधी तपासायच्या.

वायरिंग

मल्टिमीटर घ्या. पोझिशन सेन्सरच्या एका पिनेवर ५ व्होल्ट, एकीवर अर्थ, तिसरीवर सिग्नल. व्हॉल्व्ह उघडत जाताना सिग्नल सलग बदलला पाहिजे, मधेच उडी मारली तर सेन्सर झिजलाय. ५ व्होल्टच येत नसतील तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका. तीच लाईन इतर सेन्सरनाही जाते. त्यांतला एखादा शॉर्ट झाला की सगळेच झोपतात. वायरिंग हलवून बघताना आकडा उडाला तर जागा सापडली.

व्हॉल्व्ह काढून साफ करणं

आता कुठे पाना. इंजिन थंड, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, काही गाड्यांमध्ये ईसीयू चावी काढल्यावर व्हॉल्व्ह फिरवून स्वतःची तपासणी करतो. व्हॉल्व्हमधून कूलंट जात असेल तर ते आधी काढून घ्या.

एक्झॉस्टच्या बाजूचे बोल्ट उष्णतेने जाम झालेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट वळतोय पण सुटत नाहीये, चिकट वाटतोय, तर जोर थांबवा. तो तुटायच्या बेतात आहे.

काजळी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, मग स्प्रे आणि ब्रश. व्हॉल्व्ह असा धरा की द्रव मोटरकडे जाणार नाही. अख्खा व्हॉल्व्ह द्रवात बुडवून ठेवायचा नाही. मोटरवाला व्हॉल्व्ह स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून उघडायचा नाही, आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात. इनटेकच्या तोंडाशी चिंधी कोंबून मगच खरवडा. कार्बनचा खडा सिलिंडरमध्ये गेला तर काम कुठल्या कुठे जाईल.

चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारायचा उपाय बरेच जण सुचवतात. मी तो करत नाही. ज्वलनशील स्प्रेवर डिझेल इंजिन बेताल धावू शकतं आणि एकदम सुटलेली काजळी पुढे टर्बो आणि डीपीएफकडेच जाते.

बसवताना गॅस्केट नवंच. नंतर स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद स्थिती पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांमध्ये हे केलं नाही तर साफ व्हॉल्व्हही कोड देतो.

व्हॉल्व्ह साफ करून पुन्हा लवकरच भरला, तर काजळी कुठून येतेय ते शोधा. गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून येणारं तेल, तुंबलेला ब्रीदर, तासन्‌तास आयडलिंग, फक्त छोट्या फेऱ्या. तुंबलेला डीपीएफही: मागचा दाब वाढतो, तेवढ्याच उघडण्यात जास्त धूर आत ढकलला जातो, त्याने काजळी वाढते आणि डीपीएफ आणखी तुंबतो.

कूलर

कूलर आतून फुटला की कूलंट इनटेकमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये जातं. व्हॉल्व्ह काढल्यावर काजळी ओली दिसते, पांढरे चट्टे असतात, किंवा वाफेने धुतल्यासारखा एखादा भाग लख्ख असतो. सिलिंडर हेडचं गॅस्केट गेल्यावरही कूलंट असंच कमी होतं, त्यामुळे गोंधळ होतो. कूलंटमध्ये एक्झॉस्टचा वायू आहे का हे दाखवणारी रंग बदलणारी चाचणी इथे निकाल देत नाही, कारण फुटका कूलरही वायू कूलंटमध्ये सोडू शकतो. कूलर वेगळा करून त्याची स्वतंत्र दाब चाचणी झाल्याशिवाय हेड उघडायला संमती देऊ नका.

कूलर फुटला असेल तर तो का फुटला हेही विचारा. काही इंजिनांत कूलंट आधी ऑइल कूलरमधून जातं. ऑइल कूलर गाळाने तुंबला की ईजीआर कूलरला पुरेसं कूलंट मिळत नाही आणि नवा कूलरही त्याच वाटेने जातो.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे द्या

पांढरा धूर आणि घटणारं कूलंट एकत्र दिसलं तर गाडी ओढून न्या, चालवत नाही. सिलिंडरमध्ये द्रव साचलं असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बोल्ट तुटला, कूलर काढायला टर्बो सोडवावा लागतोय, ५ व्होल्टची लाईन शॉर्ट आहे पण जागा सापडत नाही, किंवा नव्या व्हॉल्व्हला कोडिंग हवंय आणि तसा स्कॅनर नाही, तर पुढचं काम घरचं नाही. जाताना कोड, फ्रीझ फ्रेम आणि एमएएफचे दोन्ही आकडे (व्हॉल्व्ह बंद असतानाचा आणि उघडल्यावरचा) कागदावर न्या. त्याने तपासणीचा वेळ वाचतो, आणि 'व्हॉल्व्ह बदलून बघू' हे वाक्य सहसा ऐकावं लागत नाही.

ईजीआरला पत्रा लावून बंद करून टाकू का, असं प्रत्येक जण विचारतो. अनेक देशांत ते बेकायदा आहे, प्रदूषण वाढतं, आणि ईसीयूला एमएएफ उतरलेला दिसत नाही म्हणून पी०४०१ तसाच राहतो. कूलर फुटका असेल तर पत्र्यामागे कूलंट गळतच राहतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसला आणि पहिल्या दिवशी लाईट लागला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. ईजीआरचे बरेच कोड सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये, म्हणजे गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या दोन फेऱ्यांत, दोष दिसल्यावरच लाईट लावतात. स्कॅनरवर पेंडिंग कोड, म्हणजे दिसलेला पण अजून लाईट न लावलेला दोष, बघा आणि रेडीनेसमध्ये ईजीआर मॉनिटर, म्हणजे ईसीयूने स्वतः केलेली ईजीआरची चाचणी, 'पूर्ण' दाखवतोय का ते बघा. त्यासाठी थंड इंजिनापासून सुरुवात करून थोडं शहरात आणि थोडं एकसारख्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालवावं लागतं. मॉनिटर पूर्ण झाला आणि पेंडिंग काही नाही, तेव्हाच हत्यारं आवरा.